ठाणे–वाशीच्या गाडीत कानाला आराम: इअरफोन घेताना आधी रबर बघा, मग ब्रँड

पहिल्या पगारातून काहीतरी घ्यावं म्हणून आमच्या ऑफिसातल्या एका नव्या मुलाने अठराशे रुपयांचे इअरबड्स मागवले. पोरगा कळव्याचा. सकाळी कळव्याहून ठाणे, ठाण्याला उतरून नऊ-दहा नंबरच्या फलाटाकडे पळत सुटायचं, ट्रान्सहार्बर म्हणजे वाशी-पनवेलकडे जाणारी लोकल पकडायची आणि घणसोलीला उतरायचं. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘नॉइज कॅन्सलेशन’ लिहिलेलं. दुसऱ्या दिवशी तोंड पाडून माझ्या टेबलापाशी आला. ‘‘दादा, गाडीचा खडखडाट जसाच्या तसा येतोय. पीस डिफेक्टिव्ह असेल का?’’

पीस ठणठणीत होता. खोकं उलटं करून बघितलं तर मागे बारीक अक्षरांत ‘ईएनसी’ लिहिलेलं. म्हणजे त्याने अठराशे मोजून जी शांतता घेतली होती ती त्याच्यासाठी नव्हतीच. फोनवर पलीकडून बोलणाऱ्या त्याच्या आईसाठी होती.

त्यानंतर कोणी इअरफोनचं विचारलं की मी हे सगळं पुन्हा पुन्हा सांगत बसतो. म्हणून एकदाचं लिहून काढतो आहे. मी ऑडिओतला जाणकार नाही. रोज जाऊन-येऊन दोन तास गाडीत काढणारा आणि त्या आवाजाला कंटाळलेला माणूस आहे, एवढंच.

पायरी १: आधी तीस-चाळीस रुपयेच खर्च करा

इअरफोन राहू द्या बाजूला. केमिस्टकडे किंवा वागळे इस्टेट, रबाळे, तुर्भ्याच्या एमआयडीसीत सेफ्टीचं सामान विकणाऱ्या दुकानात फोमचे इअरप्लग मिळतात. कारखान्यात कामगार घालतात ते, नारिंगी किंवा पिवळे. एक जोडी घ्या आणि चार दिवस ते घालून प्रवास करा. गाणी नाहीत, काही नाही.

यातून तीन गोष्टी कळतात. पहिली, कान नुसता बुजवला की किती फरक पडतो. बहुतेक जण इथेच चकित होतात, कारण ना बॅटरी, ना चिप, तरी डबा अचानक लांब गेल्यासारखा वाटतो. दुसरी, आपल्याला कानात घट्ट काही चालतं का. काहींना नाही चालत. स्वतःच्या पावलांचा धप्प धप्प आवाज, चघळल्याचा आवाज डोक्यात घुमतो आणि जीव घाबरा होतो. तुम्ही त्यातले असाल तर कानात रुतणाऱ्या इअरफोनच्या वाटेला जाऊच नका, दोन हजार वाचले. तिसरी, कान बंद असताना पुढच्या स्टेशनची घोषणा ऐकू येते की नाही.

प्लगच्या पाकिटावर आवाज किती घटतो याचा २९ वगैरे डेसिबलचा आकडा असतो. तो प्रयोगशाळेत, नीट बसवलेल्या प्लगचा. आपण घाईघाईत खुपसतो, आपल्याला तेवढा मिळत नाही. पण अंदाज येतो.

पायरी २: आपल्याला नेमका कुठला आवाज नको आहे?

हे ठरवल्याशिवाय दुकानात गेलात तर दुकानदार ठरवेल.

गोंगाट सगळा एकसारखा नसतो. बसचं इंजिन सिग्नलला घुरघुरत राहतं, गाडी वेगात आली की खालून एक जाड गडगडाट येतो, एसी डब्यात हवेचा सलग हुंकार असतो. हे खालच्या पट्टीतले, एकसुरी आवाज. दुसरीकडे रुळाच्या वळणावर चाकांची किंचाळी, भोंगा, कोणाचा तरी स्पीकरवर चाललेला व्हिडिओ, ‘थोडं सरका ना’, आणि डब्यात भजनी मंडळ असेल तर टाळ. हे वरच्या पट्टीतले आणि एकदम उसळणारे.

या दोन जातींवर औषधं वेगवेगळी आहेत. वरच्या पट्टीचे आवाज अडवायला कानात नीट बसलेलं रबर, म्हणजे इअरफोनच्या टोकाची मऊ टोपी, पुरतं. खालच्या पट्टीचा गडगडाट मात्र रबरातूनही झिरपतो. रबर आणि कान यांच्यात केसाएवढी फट राहिली तरी तो आत शिरतो. तिथे एएनसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने आवाज मारणारी यंत्रणा कामाला येते. ती बाहेरचा आवाज माइकने टिपते आणि त्याची बरोबर उलटी लाट आत वाजवते. दोन्ही लाटा एकमेकींना खाऊन टाकतात.

पण ही उलटी लाट वेळेवर आणि जागेवर पोचायला हवी. १०० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला शंभर कंपनांच्या, गडगडाटाची एक लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते, तिच्याशी जुळवून घेणं सोपं. ३००० हर्ट्झच्या आवाजाची लाट अकरा-साडेअकरा सेंटिमीटरची. इथे जराशी चूक झाली की जुळणी बिघडलीच. म्हणून एएनसी बसचं इंजिन पुसून टाकते आणि शेजारच्या काकांचा फोनवरचा वाद मात्र स्वच्छ ऐकू येतो. कधीकधी आधीपेक्षा स्वच्छ, कारण मधला गडगडाट गेलेला असतो! टाळांपुढे तर ती हातच टेकते.

आता आपल्याकडची खरी गोची. साध्या लोकलमध्ये खिडक्या-दारं उघडी. खिडकीपाशी बसलात किंवा दाराजवळच्या मोकळ्या जागेत उभे राहिलात की वारा थेट इअरबडच्या माइकवर आदळतो. स्वस्त एएनसीला तो वारा पचत नाही. कानात फडफड, घरघर सुरू होते आणि शेवटी वैतागून आपण एएनसी बंद करतो. म्हणजे ज्याचे जास्त पैसे मोजले तेच बंद.

माझा हिशोब असा: साध्या लोकलने जाणाऱ्याने पैसा रबरावर आणि घट्ट बसणाऱ्या बनावटीवर घालावा. एसी लोकल, एसी बस, बेलापूर–पेंधर मेट्रो किंवा ऑफिसची बंद काचांची गाडी असेल तर एएनसीचे पैसे वसूल होतात. दोन्ही करावं लागत असेल तर एएनसी घ्या, पण रबर घट्ट बसणारंच घ्या. एएनसीच्या भरवशावर सैल रबर चालतं हा मोठा गैरसमज आहे.

पायरी ३: खोक्यावरची भाषा वाचायला शिका

एएनसी म्हणजे तुमच्या कानातला गोंगाट कमी करणारी सोय. ईएनसी म्हणजे तुम्ही बोलता तेव्हा तुमच्या माइकमधला गोंगाट गाळणारी सोय, फायदा पलीकडच्याला. दोन्ही चांगल्याच, पण भाव एकीचा सांगून दुसरी हातात पडते. खोक्यावर नुसतंच ‘नॉइज कॅन्सलेशन’ असेल तर समजा की काहीतरी लपवायचं आहे. ‘पॅसिव्ह’ असं लिहिलेलं असेल तर ते नुसतं रबराचं बूच आहे. ते वाईट मुळीच नाही, फक्त त्याला यंत्रणेचा भाव देऊ नका.

‘३२ डेसिबलपर्यंत’ यात महत्त्वाचा भाग ‘पर्यंत’. एखाद्या विशिष्ट पट्टीला, सगळ्यात चांगल्या परिस्थितीत मिळालेला तो आकडा असतो. सगळा गोंगाट ३२ने कमी होईल असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही. दोन कंपन्यांच्या या आकड्यांची तुलना करत बसण्यात अर्थ नाही.

‘१३ एमएम ड्रायव्हर’ (आतला छोटा स्पीकर), ‘एक्स्ट्रा बास’, ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ या गोष्टींचा बाहेरचा आवाज अडण्याशी काही संबंध नाही. उलट मोठे ड्रायव्हर बऱ्याचदा अशा बनावटीत येतात जी कानाच्या दारात नुसती टेकते, आत जात नाही. रबर नसलेली, टेकणारी बनावट गाडीसाठी पूर्ण बाद. सोसायटीच्या बागेत फिरायला घ्या हवी तर.

‘आयपीएक्स४’ असेल तर घाम आणि शिंतोडे चालतात. जुलैमधला ठाण्याचा पाऊस चालतो असा अर्थ काढू नका.

जाता जाता: उलट्या लाटेची ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. पाउल ल्यूग नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाला तिचं अमेरिकी पेटंट १९३६ मध्ये मिळालं होतं. हेडफोनमध्ये ती आणण्याचं खूळ अमर बोस यांच्या डोक्यात १९७८ मध्ये एका विमान प्रवासात शिरलं. बोस यांचे वडील बंगालचे. अमर बोस यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट १९८९ मध्ये बाजारात आला. वैमानिकांच्या डोक्यावरून आपल्या खिशात यायला इतकी वर्षं गेली, आणि खिशात आल्यावर तिचं नाव घेऊन ईएनसी विकायला लागले.

पायरी ४: वायर, नेकबँड की सुटे बड्स?

सुटे बड्स दिसायला छान, पण सकाळी साडेआठला ठाण्याच्या प्लॅटफॉर्मवर ज्याने गाडीत शिरून दाखवलं आहे त्याला पुढचं सांगायला नको. कोणाची तरी सॅक गालाला घासते, बड कानातून सुटतो आणि फलाट व गाडी यांच्या फटीतून थेट रुळावर. माझा उजवा बड असाच गेला. तो खाली दिसत होता, चमकत होता, आणि त्याच्याकडे बघत उभं राहण्यापलीकडे काही करता येत नव्हतं. एक बड वेगळा मिळतो का म्हणून चौकशी केली तर किंमत अख्ख्या नव्या जोडीच्या जवळपास. सुटेच हवे असतील तर चढताना-उतरताना डबीत आणि जागा मिळाल्यावर कानात, हा नियम पाळा.

नेकबँड गर्दीसाठी मला सगळ्यात व्यवहारी वाटतो. सुटला तरी गळ्यात राहतो. बॅटरी सुट्या बड्सपेक्षा बरीच जास्त चालते. घामाने मान चिकचिकते, ते मान्य.

वायरवाला इअरफोन आता जुनाट समजतात, पण त्याच पैशात आवाजाचा दर्जा आणि गोंगाट अडवणं, दोन्हींत तो बहुतेक वेळा पुढे असतो. बॅटरीच नाही, तर ती दोन-तीन वर्षांत मरण्याचा प्रश्नच नाही. यातही कानामागून वळवून घालायची वायर असलेली बनावट, ज्यांना आयईएम म्हणतात, ती बघा. तिचं धड कानाच्या खोलगट भागात भरून बसतं, ओढ बसली तरी पटकन निघत नाही. शिवाय वायर शर्टावर घासली की कानात जी खरखर येते ती कानामागून घेतल्यावर बरीच कमी होते. काही मॉडेलची वायर निघते. तुटली तर नुसती वायर बदलायची.

फोनला गोल जॅक नसेल तर यूएसबी-सीचा डोंगल लागतो. इथे फसगत होते. सगळ्यात स्वस्त डोंगल नुसते तारा जोडून देतात, आत आवाज बनवणारी चिप नसते, आणि कित्येक फोनवर ते मुके राहतात. ‘डॅक असलेला’, म्हणजे ही चिप असलेला, डोंगल मागा. आणि नेताना आपलाच फोन लावून वाजवून बघा.

पायरी ५: खिशाचा अंदाज

भाव सेलनुसार वर-खाली होतात, म्हणून हे ढोबळ धरा.

पाचशेच्या आत वायरवाले. गाडीत ‘कोई भी लो सौ रुपया’ करत येतात ते यात धरत नाही. एकदा घेतले होते, तुर्भ्यापर्यंत डावा कान गेला. माझा नव्हे, इअरफोनचा. या भावात नावाजलेल्या कंपनीचा साधा, रबर असलेला इअरफोन घ्या आणि शंभर-दीडशे वेगळ्या रबरांसाठी ठेवा.

सातशे ते हजार-बाराशे ही वायरवाल्यांची सगळ्यात चांगली गल्ली आहे. जेबीएल, सोनी यांचे साधे मॉडेल इथे आहेत, आणि केझेडसारख्या चिनी कंपन्यांचे कानामागून घालायचे आयईएमही इथेच सापडतात. साध्या लोकलचा प्रवासी असाल तर माझ्या मते शोध इथे संपवायला हरकत नाही.

बाराशे ते दोन हजारांत नेकबँड आणि बरे आयईएम, मूनड्रॉप कंपनीच्या ‘चू’सारखे. याच भावात ‘एएनसी’ लिहिलेले सुटे बड्सही दिसतील. त्यांच्याबद्दल मी जरा साशंक असतो. यंत्रणा असते, पण ती किती आवाज मारते आणि वाऱ्यात किती टिकते हे मॉडेलवार बदलतं.

दोन ते साडेतीन हजारांत वनप्लस, रिअलमी, सीएमएफ वगैरेंचे एएनसी बड्स आणि नेकबँड येतात. एसी प्रवास करणाऱ्यांनी इथून सुरुवात करावी. याच्या वर जायचं तर हा लेख ‘स्वस्त’ राहत नाही.

पायरी ६: रबर. इथे घाई करू नका

इअरफोनबरोबर लहान, मध्यम, मोठी अशी तीन जोड रबरं येतात. इअरफोनवर मध्यम चढवलेलं असतं. दहातले आठ जण बाकीची पिशवी उघडतच नाहीत आणि वर्षभर गाडीचा आवाज ऐकत राहतात.

तिन्ही लावून बघा. दोन्ही कानांची भोकं सारखी असतीलच असं नाही. माझ्या डाव्या कानाला मध्यम लागतं, उजव्याला मोठं. विजोड लावले तर कोणी हसणार नाही. शंका असेल तर एक माप मोठं लावून बघा, कारण नवा माणूस हमखास लहान निवडतो. लहान रबर मऊ आणि ‘आरामशीर’ वाटतं, पण ते बसलेलंच नसतं. अर्थात, पंधरा मिनिटांत कान दुखायला लागला तर ते मोठं आहे.

घालायची पद्धतही आहे. उजव्या कानासाठी डावा हात डोक्याच्या मागून न्या, कानाचा वरचा भाग वर आणि किंचित मागे ओढा. भोक सरळ होतं. आता इअरफोन हलकेच फिरवत आत सरकवा आणि कान सोडा. तो रबराला स्वतःच धरून ठेवतो. पहिले दोन दिवस बावळटासारखं वाटतं, मग सवय होते.

बसलं की नाही हे तपासायला गाडीची गरज नाही. ओठ मिटून ‘म्म्म’ असा सूर धरा. आवाज डोक्याच्या मध्यात, दोन्हीकडे सारखा घुमला तर दोन्ही बाजू बंद. एकीकडे जास्त घुमला तर दुसरीकडे फट आहे. दुसरी चाचणी: ढोल किंवा पखवाज असलेलं काहीतरी लावा आणि इअरफोन बोटाने जरा आत दाबा. दाबल्यावर ठेका एकदम भरदार झाला, तर आधी फट होती. ‘याला बासच नाही’ अशी तक्रार घेऊन जे येतात त्यातल्या बहुतेकांचा इअरफोन चांगला असतो, रबर चुकलेलं असतं.

तीनही मापं जमली नाहीत तर इअरफोन बदलू नका, रबर बदला. बाहेर वेगळी रबरं मिळतात: दुहेरी-तिहेरी पाकळ्यांची सिलिकॉनची, आणि फोमची. इअरफोनच्या नळीची जाडी बघूनच घ्यावी लागतात, आणि सुट्या बड्सची डबी लहान असते म्हणून त्यांच्यासाठी आखूड रबर लागतं, नाहीतर झाकण लागत नाही, चार्जिंग होत नाही.

फोमचं रबर गोंगाट अडवण्यात सिलिकॉनच्या पुढे. दोन बोटांत दाबून बारीक करायचं, आत घालायचं आणि वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवायचं. ते फुगतं आणि भोक भरून टाकतं. नीट बसलेल्या सिलिकॉनने साधारण १५ ते २५ डेसिबल कमी होतात असं धरलं, तर फोम त्याच्याही वर जातो, आणि खालच्या पट्टीचा गडगडाटही बऱ्यापैकी अडवतो. तोटा असा की तो घाम आणि मळ पितो, दोन-तीन महिन्यांत कडक होतो, फेकावा लागतो. वर्षाला तीन-चारशेचा खर्च धरा. तरी एएनसीपेक्षा स्वस्तच पडतो!

पायरी ७: घेताना

दुकानात गेलात, म्हणजे ठाण्यात गोखले रोड, स्टेशनचा परिसर किंवा वाशीला सेक्टर १७, तर बहुतेक ठिकाणी पेटीतला माल कानात घालू देत नाहीत. त्यांचंही बरोबर आहे. डेमो पीस असेल तर आपलं स्वतःचं रबर खिशातून काढून त्यावर चढवा आणि मग कानात घाला. दुकानदार विचित्र नजरेने बघेल, बघू दे.

खोक्यावर छापील किंमत आणि बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता हवा. ब्लूटूथवाल्यावर बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) नोंदणी चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक असतो, तो बीआयएस केअर नावाच्या सरकारी अॅपमध्ये टाकून लगेच तपासता येतो. पदपथावरच्या ‘ओरिजिनल, फक्त बिल नाही’ मालाची परीक्षा इथेच होते.

ऑनलाइन घेताना ‘परत’ आणि ‘बदलून’ यातला फरक वाचा. कानात घालायची वस्तू म्हणून पुष्कळदा पैसे परत मिळत नाहीत, खराब निघाली तरच दुसरी मिळते. ‘कानात बसत नाही’ हे खराबीत धरत नाहीत. म्हणूनच आधी कोणाचा तरी मागून, रबर पुसून, घालून बघणं सगळ्यात चांगलं. खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा.

पायरी ८: आवाज किती ठेवायचा

बाहेरचा गोंगाट अडवायचा तो शेवटी यासाठीच. साध्या डब्यात माझ्या फोनवरचं आवाज मोजणारं अॅप ८०च्या आसपास नाचतं. फोनचं अॅप म्हणजे काही प्रमाणित मापक नव्हे, पण अंदाजाला ठीक. कान उघडा ठेवणारे इअरफोन असतील तर गाणं ऐकू यायला त्याच्या वर जावं लागतं, म्हणजे ८६, ९०.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने मोठ्या माणसासाठी ८० डेसिबल आठवड्याला ४० तास ही मर्यादा आहे. मुलांसाठी ७५. आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा: ८३ला २० तास, ८६ला १०. आता आपलं गणित करा. रोज जाऊन-येऊन दोन तास, सहा दिवस, झाले १२ तास. ८६वर ऐकत असाल तर शुक्रवारी संध्याकाळीच आठवड्याचा कोटा संपला. रबराने २० डेसिबल अडवले तर तोच डबा आत ६०चा होतो आणि ७०वर गाणं आरामात ऐकू येतं.

करायचं असं: रात्री घरी, पंखा बंद करून, ऐकायला बरं वाटेल इतका आवाज ठेवा आणि पट्टी कुठवर आहे ते लक्षात ठेवा. गाडीत त्याच्यावर दोन घरांपेक्षा जास्त जावं लागलं तर आवाज वाढवू नका, रबर पुन्हा बसवा. आयफोनमध्ये सेटिंगमध्ये ‘हेडफोन सेफ्टी’खाली मोठा आवाज आपोआप रोखायची सोय आहे. अँड्रॉइड फोन आवाज एका पातळीवर नेला की इशारा देतो. त्यावर ‘ओके’ दाबून पुढे जाणारे आपणच. उतरल्यावर कानात शिट्टी वाजल्यासारखं होत असेल तर आवाज जास्त होता हे नक्की. सारखं होत असेल तर कानाच्या डॉक्टरांना दाखवा.

पायरी ९: कुठे काढायचे

फलाटावर किमान एक बाजू मोकळी. हे मी शिकलो ते असं: ठाण्याहून वाशीच्या, नेरूळच्या, पनवेलच्या गाड्या त्याच फलाटांवरून सुटतात आणि तुर्भ्यानंतर वाटा फुटतात. नव्या फोमच्या आनंदात मी गाडी बदलल्याची घोषणा ऐकलीच नाही, आणि जुईनगर यायच्या जागी खिडकीबाहेर सानपाडा आलं. मोठं नुकसान नाही, पण अर्धा तास गेला आणि साहेबांना काय सांगायचं हा प्रश्न राहिला.

रूळ ओलांडणं तर नकोच. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे, आणि कान बंद असतील तर दंडापर्यंत गोष्ट जाणारही नाही. कान बंद करून स्कूटर, सायकल चालवायची नाही, ठाणे-बेलापूर रोडवर तर मुळीच नाही. रात्री उशिराच्या रिकाम्या डब्यात मी एकच कान लावतो. एएनसी बड्समध्ये बाहेरचा आवाज आत सोडायची सोय असते, ती एका टिचकीवर कशी येते ते घरी शिकून ठेवा. आणि झोपणाऱ्यांनी उतरायच्या आधी पाच मिनिटांचा कंप होणारा गजर लावावा. इअरफोनमधला गजर नको, खिशातला.

निगा

सिलिकॉनची रबरं आठवड्याला काढून कोमट साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण सुकवा, मग चढवा. फोम धुवायचा नाही, कोरड्या फडक्याने पुसायचा. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमटपणात कानाला बुरशी धरते. ओल्या केसांनी, ओल्या कानात इअरफोन घालू नका आणि दुसऱ्याचे वापरू नका. बुटांच्या खोक्यातल्या सिलिकाच्या पुड्या फेकून न देता इअरफोनच्या डबीत टाका.

एका बाजूचा आवाज कमी झाला की लोक नवा घ्यायला निघतात. आधी रबर काढून नळीच्या तोंडाची जाळी उजेडात बघा. बहुतेक वेळा ती मळाने बुजलेली असते. जाळी खाली तोंड करून धरायची आणि कोरड्या, मऊ, जुन्या टूथब्रशने हलकेच झटकायची. सुई घालायची नाही, तोंडाने फुंकायचं नाही. त्या कळव्याच्या मुलाने हेच करून आपले अठराशेवाले दुसरं वर्ष चालवले आहेत. ईएनसीच आहेत अजून, फक्त त्यावर आता दीडशे रुपयांचं फोम चढवलं आहे.